मांजासुराची उजवी मांडी

राक्षस मी आजवर तीन केले. पहिला चुकून झाला. एका दिवंगत पुढाऱ्याचा अर्धपुतळा होता. वरचं फडकं ओढल्याबरोबर त्याची नात रडायला लागली आणि तिला मांडवाबाहेर न्यावं लागलं. दुसरा दुर्गेच्या पायाखालचा महिषासुर. तो इतका देखणा उतरला की मंडळाच्या बाया ओटी देवीची भरायच्या आणि बघायच्या त्याच्याकडे. तिसरा मात्र मी ठरवून केला, चांगलं भाषणबिषण देऊन केला, आणि त्याच्यापायी मला शेजाऱ्याला अजून नीट तोंड दाखवता येत नाही.

मी शिल्पकार आहे. निदान फाटकावरच्या पाटीवर तसं लिहिलंय. पोट गणपती आणि देव्यांवर चालतं, अधूनमधून एखाद्या बंगल्याच्या फाटकावरचे सिंह असतात. कॉलेजात असताना आम्ही चार टाळकी चहाच्या टपरीवर बसून ठरवायचो, आपण समाजाला प्रश्न विचारणारं शिल्प करायचं. पुढे समाजानंच मला प्रश्न विचारला, "भाऊ, उंदीर थोडा मोठा होईल का?" मी करून दिला. तीस वर्षं उंदीर मोठा करण्यात गेली.

तर शेजारी. नागपुरातल्या हुडकेश्वरच्या आमच्या ले-आऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, त्याच्या-माझ्या अंगणात एकच भिंत. तो कळमन्याच्या फळबाजारात लिलाव पुकारायचा. पुढ्यात संत्र्यांचा ढीग, भोवती गलका करणारे व्यापारी, आणि त्या गलक्याच्या वर याचा आवाज. घरीही तो तसाच बोलायचा. त्यानं त्याच्या बायकोकडे चहा मागितला की आमच्याकडे ऐकू यायचं, आणि माझी बायको कधी कधी सवयीनं आधण ठेवून मोकळी व्हायची.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या दोन दिवस आधी, मोपेडवरून घरी येताना, उड्डाणपुलाच्या उतारावर नायलॉनचा मांजा त्याच्या गळ्यात आडवा आला. तो वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीब. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला, नशीब. पण आवाज गेला. उरली ती खरखर, पातेल्याच्या बुडाला लागलेलं दूध उलथण्यानं खरवडल्यासारखी. त्याचा मालक, अडत्या, भला माणूस. त्यानं पुकारण्याचं काम दुसऱ्याला दिलं आणि याला पहाटे गाड्या उतरताना मालाची प्रत पाहायला उभं केलं. वर्षभर हा गल्लीतल्या एका टेम्पोवाल्याबरोबर जात-येत होता. डिसेंबरात टेम्पोवाला कळमेश्वरला राहायला गेला. आता मोपेड काढायची, नाहीतर काम सोडायचं.

मोपेड तो रोज पुसायचा. काढायचा नाही.

"पाहाटे पाच वाजता निघा लागते, त्याचं काही नाही गा," एका संध्याकाळी तो भिंतीवरून मला म्हणाला. "तवा कोण पतंग उडवते? वापस येतो तवा अकरा वाजतात. अकराले पुरं आभाय भरलं रायते."

"मग संक्रांत होईस्तोवर थांब ना."

"अडत्या थांबत नाही."

मागे त्याची बायको उभी होती, हातात लोकरीचा मफलर. तिला मी वहिनी म्हणतो. ती म्हणाली, "मी ह्यायले म्हणतो, दोन मफलर बांधा. त म्हणतात जीव कोंडते. मग एक त बांधा!"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मफलर चांगला आहे म्हणून घरात जायला हवं होतं. पण तीस वर्षांचे उंदीर एकदम अंगात आले आणि मी म्हणालो, "तू घाबरू नको. मी राक्षस बनवतो."

"काय बनवतो?"

"राक्षस. नायलॉनच्या मांज्याचाच. बारा फुटी. असा की पाहणाऱ्याले रात्री झोप येणार नाही. आपल्या ले-आऊटमधी पुन्हा कोणी नायलॉनले हात लावला त माझं नाव बदलून टाक."

वर्षभरात त्याला इतक्या खात्रीनं कोणी काही सांगितलं नसावं. "तू म्हणतो त निघतो मग," तो म्हणाला. "तुया राक्षस उभा झाला का निघतो."

माझ्या बायकोनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं. घरात गेल्यावर एवढंच म्हणाली, "मागच्या महिषासुराला बायांनी स्थळं आणली असती. या वेळी जरा कुरूप करा."

दुसऱ्या दिवशी मी ले-आऊटच्या अध्यक्षांकडे गेलो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि पतंगाच्या बाबतीत आमच्याकडचे सर्वांत कडवे खेळाडू. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बडग्या म्हणा ना सरळ. पण बडग्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते गा. संक्रांतीत कायले?"

नागपूरला राक्षस करायला शिल्पकार लागत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. दर वर्षी पोळा झाला की महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या असे कागद-बांबूचे पुतळे वाजतगाजत निघतात, लोक त्यांना पोटभर शिव्या देतात, गावची इडापिडा घेऊन जा म्हणतात, आणि गावाबाहेर नेऊन जाळून टाकतात. मी अध्यक्षांना समजावलं की बडग्या संध्याकाळी जळतो आणि सकाळी लोक त्याला विसरतात. माझा राक्षस जळणार नाही. तो उभा राहील. रोज येता-जाता नजरेला नजर देईल. समकालीन शिल्पाचं कामच ते. अध्यक्षांना समकालीन हा शब्द आवडला. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि परवानगी दिली.

जाळून टाकण्यात केवढं शहाणपण असतं ते मला फार उशिरा कळलं.

मग अध्यक्ष आणि मी दारोदार मांजा मागत फिरलो. पहिला मांजा माझाच दिला. हो, माझ्याकडेही होता. माळ्यावरच्या डब्यात हिरव्या नायलॉनची अख्खी चक्री होती, तीन-चार वर्षांपूर्वीची. शेजाऱ्याच्या गळ्याला टाके पडले तरी ती फेकायचं मला सुचलं नव्हतं. ती मी सगळ्यांसमोर काढली तेव्हा टाळ्या पडल्या. त्यागाचं नाव झालं आणि मांजा का होता हे कोणी विचारलं नाही.

लोकांनीही मांजा दिला. पण प्रत्येकाची एकच अट: मांजा घ्या, चक्री परत द्या. कोणाची सागवानी होती, कोणाची वडिलांची होती. शिवाय ज्यानं दिला त्याला आपला मांजा राक्षसाच्या कुठल्या भागावर जाणार हे कळायला हवं होतं. अध्यक्ष म्हणाले, "माया छातीवर घे. लाल आहे, उठून दिसन." औषधांच्या दुकानवाल्यानं पोट मागितलं. कोणी दंड घेतला, कोणी पाठ. मी कागदावर राक्षसाचं चित्र काढून वाटणी करून ठेवली. उजवी मांडी माझी.

लोखंडी सळ्या, बांबू आणि जाळीचा सांगाडा मी ले-आऊटच्या मोकळ्या जागेत उभा केला आणि त्यावर मांजा गुंडाळायला लागलो. दुसऱ्या दिवशी वहिनी कैची घेऊन आल्या.

"भाऊजी, याचे आधी तुकडे करून टाकू ना. मी करतो. बोट-बोटभर तुकडे करतो आणि मग तुमी चिपकवा."

मी त्यांना रेषेवर व्याख्यान दिलं. रेषा अखंड पाहिजे, म्हणालो. तुटलेल्या धाग्याला ताण नसतो, आणि ताण नसला तर स्नायू दिसत नाही. राक्षसाचं बळ त्या एका न तुटणाऱ्या रेषेत आहे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "असं व्हय," म्हणाल्या, आणि कैची पदराखाली घेऊन घरी गेल्या.

मी प्रत्येक चक्री पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत, एकही गाठ न मारता, एकाही जागी न तोडता राक्षसाच्या अंगावर चढवली. टोकं लोंबलेली वाईट दिसतात म्हणून ती पाठीमागे नीट खोचून ठेवली. रिकाम्या चक्र्या घरोघरी पोचवल्या. काम देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू. ऊन पडलं की लाल छाती आणि हिरव्या मांड्या अशा चमकायच्या की वाटायचं राक्षस आत्ता घामेजून उभा राहिलाय.

फक्त तोंड फसलं. सुळे केले, जीभ केली, पण तीस वर्षं गणपती करणाऱ्या हाताला डोळे दुसरे येतच नाहीत. राक्षस लोकांकडे फार मायेनं बघायला लागला. पोट मी कमी करत गेलो तरी ते लंबोदराचंच राहिलं. उद्घाटनाच्या दिवशी एका आजींनी त्याच्या पायावर हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, "आजी, हा राक्षस आहे." त्या म्हणाल्या, "असू दे ना बापा, तोंडावरून चांगला दिसते."

अध्यक्षांनी माईकवर शपथ दिली. "आजपासून या ले-आऊटमधी नायलॉन बंद." सगळ्यांनी हात वर केले. मी शिल्प आणि समाज या विषयावर बोललो, गरजेपेक्षा वीस मिनिटं जास्त. शेजारी शेवटच्या रांगेत उभा होता, हात वर करून. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला भिंतीपलीकडे मोपेड सुरू झाली.

आठ दिवस ती गेली आणि आली. रोज अकराच्या सुमाराला मी फाटकात उभा असायचो, जणू मोपेडचा बाप. तो कोपऱ्यावर वळला की दोनदा हॉर्न वाजवायचा. हाक मारायचा आवाज नव्हता, म्हणून हॉर्न. चौथ्या दिवशी तर त्यानं मफलर सैल सोडला होता. वहिनी मला तिळाचे लाडू देऊन गेल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या राक्षसानं काम केलं, भाऊजी." मी लाडू खाल्ले. सगळे.

संक्रांतीच्या दिवशी बाजाराला सुट्टी असो नसो, गाड्या यायच्या थांबत नाहीत. तो पहाटे गेला. मी आठला उठलो ते गच्च्यांवरच्या डीजेमुळे. चहा घेऊन सहज मोकळ्या जागेकडे गेलो, राक्षसाला तिळगूळ द्यावा या विनोदी बेतानं.

तिथं सळ्या उभ्या होत्या. बांबू, जाळी, आणि वर ते मायाळू डोळे. छाती नव्हती. पोट नव्हतं. दंड, पाठ, काही नव्हतं. उजव्या मांडीच्या जागी गंजकी सळई. औषधांचा दुकानवाला तेवढा मागे उभा होता आणि पोटाचा उरलासुरला मांजा सागवानी चक्रीवर भरत होता. मला पाहून जराही दचकला नाही.

"काहून गा, हे काय करून राहिले?"

"परसाद घेऊन राहिलो," तो म्हणाला. "माया होता तेवढाच घेतला. तुमी वाटणी मस्त करून ठेवली होती, भानगडच झाली नाही."

"आणि माझी मांडी? ती कोणी नेली?"

"आता ते मले काय ठाऊक? मी आलो तवा नव्हतीच."

मी धावत अध्यक्षांच्या गच्चीवर गेलो. अध्यक्ष काळा चष्मा लावून पेच लढवत होते, राक्षसाची लाल छाती त्यांच्या बोटांतून सरसर आभाळात जात होती. चक्री त्यांचे मेहुणे धरून होते.

"साहेब, शपथ घेतली होती ना आपण! तो अकराले येईल मोपेडवर!"

"घेतली होती ना. आठ दिवस पायली पण," ते वरून नजर न काढता म्हणाले. "नाल्यापलीकडचे नायलॉन उडवून राहिले. सकायपासून आमचे सात पतंग कटले. सुती मांज्यानं काय इज्जत घालवायची का? आधी त्यायले बंद करायले सांगा."

"मग त्यांच्याकडे मी जातो!"

"जा ना. त्यायच्यासाठी बी एक राक्षस बनवा."

मी मांजा धरला. नुसत्या हातानं. असं करू नये हे ले-आऊटमधल्या कुत्र्यालाही माहीत आहे. चार बोटं कापली, आणि मी ओरडत होतो की थांबवा, अहो थांबवा, कोणाचा तरी जीव जाईल. त्या डीजेत माझं मलाच ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात अध्यक्षांनी खेच दिली आणि नाल्यापलीकडचा पिवळा पतंग कटला, डोलत खाली जायला लागला.

आता हे सांगावंच लागणार. गच्चीवरचे सगळे एका आवाजात ओरडले, "ओऽऽ काट!" आणि त्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. बोटांतून रक्त गळत होतं आणि मी ओरडलो. मनात आणलं नव्हतं. लहानपणापासून पतंग कटला की जे गळ्यातून निघतं ते निघालं. अध्यक्षांनी काळा चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "वा! आता कसं बोलले!"

मी खाली उतरलो.

अकरा वाजले. हॉर्न आला नाही. वहिनी फाटकात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना काही सांगायची गरज नव्हती, मोकळी जागा तिथून दिसते. त्यांनी एकदा फक्त माझ्या बोटांकडे पाहिलं. मी फोन लावत राहिलो. घंटी जायची, जायची, आणि बंद व्हायची. गाडीवर असेल तर उचलणार कसा? आणि गाडीवर नसेल तर का उचलत नाही? साडेअकरा. बारा. वर सगळं आभाळ लाल-पिवळं, जिकडून तिकडून ओ काट, आणि ज्यांना मी ओळखतो अशा बारा गच्च्यांवर बारा घरचे लोक. मी प्रत्येकाला जाऊन हात जोडायचं ठरवलं आणि दुसऱ्याच घराच्या जिन्यात खाली बसलो.

सव्वाला तो आला. कोपऱ्यावरून चालत, मोपेड ढकलत. हेल्मेट डोक्यावर तसंच, उन्हानं तोंड काळंनिळं झालेलं. मी आणि वहिनी दोघंही धावलो. गळ्यातला मफलर एका बाजूला सुरीनं कापावा तसा कापलेला होता. वरचा पदर तुटून लोंबत होता, आतला पदर शाबूत होता. मांजा रिंगरोडवर लागला, म्हणे. गाडी हळू होती म्हणून थांबवता आली. तिथून तो चालत आला होता. फोन डिक्कीत होता, काढावा हे सुचलं नाही.

मफलरच्या लोकरीत बोटभर मांजा अडकून राहिला होता. हिरवा.

"अर्ध्या नागपुरात हिरवाच मांजा असतो," बायको मला त्या दिवशी तीनदा म्हणाली. आणि ते खरंच आहे. रिंगरोड आमच्यापासून लांब आहे. माझी मांडी कोणी नेली, कुठे उडवली, हे आजपर्यंत मला कोणी सांगितलेलं नाही, आणि मीही आता विचारत नाही.

गच्च्यांवरच्या लोकांनी त्याला येताना पाहिलं होतं. अध्यक्षांचा लाल मांजा थोडा वेळ सैल झाला. त्यांनी वरून हात हलवला आणि म्हणाले, "आला का? बरं झालं गा!" त्यांना खरंच बरं वाटलं होतं, त्यात मला शंका नाही. मग त्यांनी पुन्हा ढील दिली.

शेजारी मोकळ्या जागेपाशी जरा थांबला. सळ्यांकडे पाहिलं. मी तयार होतो. त्यानं शिवी द्यावी, मोपेड माझ्या अंगावर ढकलावी, काहीही. त्यानं माझा हात धरून उलटा केला आणि त्याच्या खरखरत्या आवाजात विचारलं, "हात कटला का गा?" मग वहिनींना म्हणाला, "याले पट्टी बांधून दे वं."

वहिनींनी बांधून दिली. चारही बोटांना, घट्ट.

जानेवारी संपला. फेब्रुवारी संपला. आभाळ रिकामं झालं, तारांवर लोंबणारे पतंग फाटून त्यांच्या नुसत्या काड्या राहिल्या. मोपेड निघाली नाही. तो आता पहिल्या बसनं जातो, मध्ये एकदा बस बदलतो, आणि पोचतो तेव्हा निम्म्या गाड्या उतरून झालेल्या असतात. अडत्या अजून काही बोललेला नाही. एखाद्या पहाटे मला भिंतीपलीकडे मोपेडचं स्टँड खट् वाजलेलं ऐकू येतं. मी खिडकीशी जातो. तो सीटवर बसलेला असतो, हात हँडलवर, गाडी बंद. पाचेक मिनिटं बसतो. मग उतरतो, स्टँड लावतो आणि बसथांब्याकडे चालायला लागतो. आता पतंग नाहीत, जा तू गाडीनं, असं खिडकीतून सांगावं असं दर वेळी मनात येतं. सांगत नाही. मागच्या वेळी मी सांगितलं, ते त्यानं ऐकलं होतं.